भुतांचे दात

कवळ्या घडवण्यात उभा जन्म गेला, म्हणून गल्लीत सगळे आजोबांना कवळीवालेच म्हणत. स्वतःची कवळीही त्यांनीच घडवली होती. मात्र ती काढलेली घरात कोणी पाहिली नव्हती. झोपताना दार लावून घेतल्यावरच ते ती पेल्यात ठेवत.

हॅलोवीनला नातीच्या मैत्रिणी घरी येणार होत्या. ब्राउनी भाजून, गार करून, चौकोनी कापून झाल्या. नातीने त्यांच्यावर आयसिंगने भुतांचे चेहरे काढायला घेतले आणि दात आजोबांवर सोपवले. आजोबांनी आयसिंगच्या कोनातून एकेक दात इतका नेटका बसवला की भुतं फोटोला बसल्यासारखी दिसू लागली.

"आजोबा, ही भुतं आहेत की नवरदेव? यांना कोण घाबरणार?"

"वाकडा दात माझ्या हाताला जमतच नाही गं."

"मग उरलेले मी काढते. पण भुताचं तोंड असतं तरी कसं?" मैत्रिणी यायची वेळ झाली होती. पोरगी अगदी रडकुंडीला आली.

आजोबा जरा घुटमळले. मग पाठ फिरवून त्यांनी कवळी काढली, वाटीत ठेवली आणि वळून मोठ्ठा आ केला.

नात किंचाळली आणि लगेच खो खो हसत सुटली. "अस्सेच राहा! हलायचं नाही हं!"

बघता बघता उरलेल्या ब्राउनींवर बोळकी भुतं उमटली. तेवढ्यात बेल वाजली. आजोबांचा हात वाटीकडे गेला.

"राहू द्या ना," नात म्हणाली. "दार तुम्हीच उघडा."

आणि आजोबा बोळक्या तोंडाने हसत दाराकडे निघाले.