टपालाच्या फटीतून आलेलं ओळखपत्र

इथल्या भुताखेतांच्या अनुभवांखाली "फोटो आहे का?", "वेळ नक्की काय होती?" अशा खवचट कमेंट टाकणारी ती मीच, हे आधी कबूल करते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. शिवाय तपासणं हे माझं कामच आहे. स्टुटगार्टला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सप्लायर क्वालिटी बघते... म्हणजे समोरच्याने पाठवलेली सर्टिफिकेट्स खरी की खोटी ते बघायचं आणि जरा शंका आली की माल परत. सासूबाई म्हणायच्या, "हिला देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागेल."

आता पाळी माझी आहे. हसायचं तर हसा.

मार्चमधला शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. आमचं घर चढावरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा प्रोजेक्टसाठी र्युसेल्सहाइमला, तो दुपारी येणार होता. त्या आठवड्यात केरवोखं आमचं होतं. बिल्डिंगचा जिना आणि तळघर सगळ्यांनी आळीपाळीने झाडायचं, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हा प्रकार भारी आवडला होता. "केर काढायचा आठवडाच ना? मग मी काढते. खिडकीत बसून बसून विटले गं," म्हणत त्या झाडू-बादली घेऊन खाली गेल्या. मी पोळ्या करत होते.

वीसेक मिनिटांनी बेल वाजली. आयहोलमधून पाहिलं तर बाहेर पन्नाशीचा एक माणूस. राखाडी जॅकेट, डाव्या भुवईत जुनी खोक पडलेली.

"पोलीस," तो जर्मनमध्ये म्हणाला. "जामिनावर सुटलेला एक जण फरार आहे. तो तुमच्या तळघरात आहे. खाली कोणी गेलं असेल तर आत्ताच्या आत्ता वर आणा. दार उघडा."

आता, खोट्या पोलिसांचा इथे सुळसुळाट झालाय. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतात — घाबरवतात, दार उघडायला लावतात आणि घर धुऊन नेतात. आणि खरा पोलीस असा एकटा येईल का? मी साखळी लावली.

"आउसवाइस," मी म्हणाले. "ओळखपत्र. टपालाच्या फटीतून आत टाका."

आमच्या जुन्या दाराला पितळी फट आहे. त्यातून कार्ड आत पडलं. फोटो त्याचाच. नाव, नंबर, शिक्का... सगळं जागच्या जागी. पण फोटोच्या खाली कार्ड तिरकं चिरलेलं होतं, आरपार, आणि चिरेच्या कडेला गंजासारखं काहीतरी तपकिरी सुकलेलं. माझ्या टेबलावर असला कागद आला असता तर मी तो तिथल्या तिथे रिजेक्ट केला असता.

फोटो का नाही काढला, विचाराल. मोबाईल कानाला होता हो! आधी आईंना, म्हणजे सासूबाईंना, फोन लावला, तर तो आमच्याच ओट्यावर वाजायला लागला. मग मी कार्ड चपलांच्या कपाटावर ठेवलं, उताराखालच्या पोलीस चौकीचा नंबर इंटरनेटवरून शोधला आणि त्या नावाचा अधिकारी आहे का विचारलं. तिथल्या बाईने फोन स्पीकरवर टाकला.

"बोला," एक पुरुषाचा आवाज आला. "मीच तो."

"तुमचं कार्ड कुठे आहे?"

"माझ्या हातात. तुमच्याकडच्याचा नंबर वाचा."

मी वाचला.

"नंबर बरोबर आहे. अजून काय दिसतं?"

"फोटोखाली आरपार चिरलंय."

"माझं धड आहे. आल्झो, म्हणजे ते खोटं आहे. काहीही झालं तरी दार उघडू नका. आम्ही निघालो."

खरं सांगते, मला आनंद झाला. पकडला ना मी चोर! बाहेर तो दार बडवायला लागला, आधी मुठीने, मग खांद्याने. साखळी थडथडत होती. "तुमची आई खाली आहे! उघडा!" आई खाली आहेत हे याला कसं कळलं... पण त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. पाळत ठेवली असणार.

"गप उभा राहा," मी ओरडले, "पोलीस येतायत!"

दार बडवणं थांबलं. "हो," तो दमलेल्या आवाजात म्हणाला. "येतोय मी."

आणि तेवढ्यात खालून आईंची किंकाळी आली.

मी दार उघडलं. जिन्यावर कोणीच नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता, हातात लाटणं होतं तेच घेऊन मी खाली धावले.

तळमजल्यावर एक बाई एकटी राहते. तिला मारहाण करून आत गेलेला आणि जामिनावर सुटलेला तिचा आधीचा नवरा तळघरात तिची वाट बघत लपला होता. झाडता झाडता आई नेमक्या त्याच्यासमोर गेल्या. मी पोचले तेव्हा त्यांचं डोकं फुटलेलं होतं, त्या जमिनीवर होत्या आणि तो त्यांचा उजवा हात बुटाखाली चिरडत होता. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजूनही ऐकते.

मी लाटणं त्याच्या कानावर हाणलं. त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, पुढचे दोन दात गेले. कोपऱ्यात बर्फ ओढायचं फावडं होतं. ते मी त्याच्या गुडघ्यावर घातलं, परत घातलं, तो खाली बसला तरी घालत राहिले. आणि मारताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते. मग त्याच्या हातात सुरा दिसला.

तेवढ्यात पोलीस जिन्यावरून खाली आले, दोघं. पुढच्याच्या अंगात राखाडी जॅकेट. डाव्या भुवईत खोक. तो माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये घुसला आणि सुरा त्याच्या छातीत बसला.

तो वाचला. वरच्या खिशातल्या ओळखपत्रात सुरा अडकला आणि आत थोडाच गेला. अँब्युलन्सवाल्याने ते कार्ड काढून पायरीवर ठेवलं तेव्हा मी शेजारीच बसले होते, रक्त थुंकत. फोटोच्या खाली तिरकं चिरलेलं, आरपार. फक्त कडेचं रक्त अजून ओलं होतं.

वर आले तर चपलांच्या कपाटावर काहीच नव्हतं.

नवरा म्हणतो, धक्क्यामुळे माझ्या डोक्यात आधीचं आणि नंतरचं एक झालं. झालंही असेल. पण "चिरलंय" हे मी फोनवर बोलले, ते चौकीतल्या त्या बाईनेही ऐकलंय. आणि मी फोन केला नसता तर तो आलाच नसता, हेही खरं. मी सगळी टोकं जुळवून पाहिली, जुळत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये मी त्या पोलिसाला भेटायला गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी किती वेळ उभा होतो?"

"सहा मिनिटं."

"आणि तुम्ही उघडलं नाहीत."

"तुम्हीच म्हणालात, उघडू नका."

तो म्हणाला, "गेनाऊ." अगदी बरोबर.

आईंच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. पोळीचा तुकडा मोडता येत नाही, मी भरवते. दारात कोणीतरी उभं होतं हे त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. कोणी भेटायला आलं की त्या दुसऱ्या हाताने माझा हात धरतात आणि सांगतात, "ही वेळेवर धावून आली, म्हणून मी वाचले."