एका दुपारी केलेल्या बारा सह्या

माझा नवरा जाऊन अकरा महिने झाले. त्याच्याबद्दल काही चांगलं लिहावं म्हणून बसते आणि दर वेळी त्या दुकानापाशी येऊन अडते.

इंग्लंडात बेसिंगस्टोकला माझी सॉफ्टवेअरची नोकरी होती. तो माझ्या व्हिसावर आलेला. नागपुरात बँकेत अधिकारी असलेला माणूस इथे व्हिडिओ गेमच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला, आणि कधी कुरकुरला नाही. एका शनिवारी त्याने एका उंच मुलीला अठरा वर्षांवरच्यांसाठीचा गेम विकला. ती सोळाची होती; दुकानदार वय विचारतात का हे तपासायला कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, पाठवलेली.

“वय का नाही विचारलंस?” मी म्हणाले.

“अगं, बाईमाणसाला वय कसं विचारायचं? मला पंचविशीची वाटली. तुझंसुद्धा मी तुझ्या आईला विचारलं होतं.”

असा गेम अठराच्या आतल्यांना विकणं तिथे गुन्हा, पण कायद्यात दोन बचाव होते. गिऱ्हाईक सज्ञान आहे असं विकणाऱ्याला वाटलं आणि तसं वाटायला सबळ कारण असलं, तर तो सुटतो. मालकाने सगळी खबरदारी घेतली असली, तर मालक सुटतो. दुकानाच्या मालक कंपनीने आपला बचाव लगेच पुढे केला: वय कसं तपासायचं याचं प्रशिक्षण याला दर महिन्याला दिलं होतं, या पाहा त्याच्या बारा सह्या. प्रशिक्षण एकदाही झालं नव्हतं. मॅनेजरने बाराही कागद एका दुपारी पुढे सरकवले होते आणि याने ‘येस सर’ म्हणून सह्या केल्या होत्या. साहेबाने दिलेला कागद वाचत बसणं आम्हाला उद्धटपणाचं वाटतं.

त्याचा स्वतःचा बचाव अजून शाबूत होता. “कोर्टात उभे राहा,” आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “ती मोठी वाटली, एवढंच खरं सांगा.” कौन्सिलचा अधिकारी म्हणत होता, गुन्हा कबूल करा, लेखी ताकीद घ्या, खटला होणार नाही. हरलो तर व्हिसाचं काय, या भीतीने मीच म्हणाले, “घे ती ताकीद आणि मोकळा हो.”

“पण मी खोटं काय केलं?” त्याने विचारलं. मी पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने कबुली दिली. कंपनीला कुणी बोट लावलं नाही, आणि त्याच कबुलीवरून तिने याला काढून टाकलं. पुढे नोकरीच्या ज्या ज्या अर्जात ‘कधी गुन्हा कबूल केलाय का?’ असं विचारलेलं असे, तिथे तो स्वच्छ अक्षरात ‘हो’ लिहायचा. “सविस्तर लिही ना, काय झालं ते,” मी म्हणायचे.

“त्यांनी तेवढीच जागा ठेवलीय,” तो म्हणायचा.

त्याला परत कुणी बोलावलं नाही.