बंद गिरणीपुढचा डबा

त्या माणसाला मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "तुम्ही बटणं दाबा, अक्कल पाजळू नका." आज आठवलं तरी स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

साठचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका कचेरीत खोलीएवढा कॉम्प्युटर होता. त्याच्या मूळ प्रोग्रामातला डिस्कचा, म्हणजे माहिती साठवणाऱ्या तबकड्यांचा, भाग मी लिहिलेला. डिस्ककडे मागण्या येत, माझा प्रोग्राम त्या रांगेत लावी, एक संपली की डिस्क पुढची घेई. पण मध्येच एखादी मागणी अडकायची आणि सगळं ठप्प. साहेबांनी खापर फोडलं डिस्कच्या ऑपरेटरवर. तो कानीकपाळी ओरडत होता, "काम अडतं तेव्हा डिस्कचा दिवा विझलेला असतो हो. ती रिकामी बसलेली असते." ऐकतंय कोण! त्यावरच मी त्याला ते बटणांचं सुनावलं. प्रोग्राम निर्दोष आहे, असं मी सही करून दिलं. सोमवारी त्याला नोकरीवरून काढणार होते.

आखाजीच्या सणाला नंदुरबारला घरी आलो तो छापील प्रोग्रामाचं भेंडोळं काखेत मारून. सही टोचत होती ना! ओट्यावर कागद पसरतो तोच आई कडाडली, "दळन नही व्हयनं ते सकायन्या पोया कसान्या करू? ऊठ, गिरनीवर जाय!"

सणाच्या पोळ्यांसाठी गव्हाचा डबा नेला. रीत साधी. गिरणी चालू असली तर रांगेत डबा ठेवून मुकाट निघायचं, बंद असली तरच गिरणीवाल्याला हाक मारायची. चालू होती. ठेवला, निघालो. तासाने येतो तर गिरणी बंद, डबा तसाच! टाळकंच सरकलं माझं. गिरणीवाल्याच्या घरी गेलो आणि जेवत्या माणसावर ओरडलो.

तोही काही कमी नव्हता. "रांगमा डबा नव्हता, मी गिरनी बंद कराले उठनू. तू हाक का बर नही मारी?"

"गिरनी चालू व्हती! हाक कसाले मारू?"

म्हणालो आणि त्याचं-माझं बोलणं मनात जुळवून पाहिलं. त्याने पाहिलं तेव्हा रांग रिकामी होती. मी ठेवला तेव्हा गिरणी चालू होती. दोघंही खरे, आणि गहू तिथेच.

डबा गिरणीपुढेच टाकून घरी पळालो, कागद उलटले. हेच! रांग रिकामी बघून डिस्क थांबायला लागते, नेमका त्याच क्षणी माझा प्रोग्राम तिला चालू समजून मागणी ठेवतो आणि निघून जातो. हाक कुणीच मारत नाही. दिवा विझतो. गाढवा, तो माणूस अक्षरन् अक्षर खरं सांगत होता!

पोस्टात जाऊन साहेबांना तार ठोकली. चूक माझी, ऑपरेटर निर्दोष. घरी आईच्या शिव्या खाल्ल्या, त्या वेगळ्याच.

त्याची नोकरी वाचली. परतल्यावर माफी मागायला गेलो आणि गिरणीची सगळी हकीकत सांगितली. तो डिस्कचं झाकण पुसत होता. हात न थांबवता म्हणाला, "त्याच्याशी निदान भांडलात तरी. माझ्याशी तेवढंही भांडला नाहीत."