अलीकडे म्हणजे नेमकं कुणीकडे

नगरपालिकेच्या मनोऱ्यातलं घड्याळ एकोणतीस वर्षं ज्यांच्या चावीवर चाललं, त्यांना सगळे टोलेकाकाच म्हणत. मनोऱ्याची किल्ली ते आंघोळीलाही गळ्यातून काढत नसत. "माझी सवत लोखंडाची आहे," काकू येईल-जाईल त्याला सांगायच्या.

एके दिवशी मंत्रिमहोदयांना साक्षात्कार झाला, की आपले आणि शेजारच्या देशाचे बारा एकाच वेळी वाजतात! केवढी नामुष्की! स्वाभिमानी राष्ट्राचे बारा कसे स्वतंत्रच वाजायला हवेत. लगेच आदेश निघाला: 'सोमवारपासून देशाची वेळ अर्धा तास अलीकडे घेण्यात येत आहे.'

काकांनी हेडक्लार्कला गाठलं. "अलीकडे म्हणजे काटे मागे की पुढे?"

"अलीकडे म्हणजे अलीकडे!" हेडक्लार्क नाकातून वदले. "शासन मागे जात नसतं, काका."

"मग पुढे?"

"तसं मी म्हटलेलं नाही हं. पण घोळ झाला, तर किल्ली जमा करायची. वर विजेचं घड्याळ बसेल."

काका तडक निघाले. घरी काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, जेवण अलीकडे घेतलं म्हणजे लवकर. करा पुढे!"

"पण काटे अलीकडे म्हणजे मागे ना?"

"मग मला कशाला विचारलंत?"

सोमवारी शाळा अर्धा तास पुढे गेली, कोर्ट अर्धा तास मागे. पोस्टात आदेशच पोचला नव्हता, त्यामुळे तिथे जुनीच वेळ सुखात नांदत होती. काकांनी ठीक बाराला लंबक धरला आणि घड्याळ बंद केलं. चूक नको नि किल्ली जायला नको.

मंगळवारी तपासनीस थडकले. "देशाची वेळ थांबवता? किल्ली काढा!"

काकांनी गळ्यातली किल्ली काढून पुढे केली. "घ्या साहेब. काटे मात्र तुम्हीच फिरवा. आणि कुठल्या बाजूला, ते सहीनिशी लिहून द्या."

साहेबांनी आदेश वाचला. उलटा धरून वाचला. पेनाचं टोपण काढलं, लावलं, खोकले. मग स्वतःच्या हातांनी किल्ली काकांच्या गळ्यात घातली. "वरून खुलासा येईपर्यंत बंदच असू द्या. देखभाल मात्र चोख हवी!"

तेव्हापासून काका रोज ब्याण्णव पायऱ्या चढतात, चक्रांना तेल देतात, काच पुसतात. काल वाऱ्याने लंबक जरासा हलला. काकांनी झडप घालून त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"थांब रे बाबा," ते कळवळून म्हणाले, "खुलासा आला नाही अजून."