‘होल्ड ऑन’ शिकवताना

मी नांदेडला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. फ्रेजल व्हर्ब्ज म्हटलं की पोरं जांभया देतात. यंदा ‘होल्ड ऑन’ आलं तेव्हा मात्र मीच अडले. फोनवर म्हटलं तर ‘जरा थांबा’, संकटात म्हटलं तर ‘तग धर’. यातलं ‘होल्ड’ मुळात गुरं राखण्याचं क्रियापद म्हणे. राखणं, मग त्यावरून धरून ठेवणं. ‘ऑन’ लागलं की ते धरणं चालूच राहतं. बाबांनी लहानपणी गावाची गुरं राखली होती. हे त्यांना सांगितलं असतं तर खूश झाले असते.

उन्हाळ्यात बाबा दवाखान्यात होते. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "ही इज होल्डिंग ऑन. कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

मी लातूरला दादाला फोन लावला. "दादा, बाबा लई सिरियस हायेत. लगेच निघ."

"हाव. समजलं," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

आमच्याकडे माणूस गेल्याचं फोनवर कोणी सांगत नाही. सिरियस आहे, निघून या, असंच सांगतात, आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. दादानेही समजून घेतलं. या मेल्या रीतीचा मला आजही संताप येतो.

बाबा सारखे दाराकडे बघत होते. "आला का गं त्यो?"

मी पुन्हा फोन केला. "बाबा तुझी वाट बघून राहिलेत."

"कंधारहून आत्याला घेऊन येऊन राहिलो. तू रडू नको," दादा म्हणाला.

वाकडी वाट करून आत्याला कशाला, हे विचारायचं मला सुचलंच नाही. बाबांना म्हटलं, निघालाय, थोडं थांबा. ते थांबले. दुपार कलेपर्यंत थांबले.

दादा आला तेव्हा नर्स बाबांचे डोळे मिटवून सलाईन काढत होती. त्याच्या मागे आत्या आणि चुलते. हातात पांढरं कापड, हार, मेणबत्त्यांचा पुडा. सगळी तयारी करून आला होता माझा भाऊ. त्याने वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दचकून वर पाहिलं.

"पाय गरम हायेत गं," तो म्हणाला.