एका वेळी एकच दुखणं

चार वेटलिफ्टर एकत्र बसले की वजनांच्या गप्पा पहिल्या चहापुरत्याच. दुसऱ्या चहाला दुखणी निघतात. अशा गोष्टी माळ्यावरच्या भांड्यांसारख्या साठत जातात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! माझ्या वाट्याची बरीचशी भांडी एकाच वर्षातली आहेत. आज सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र माझी झोप उडाली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जुन्नरला एका शाळेत पी.टी. शिकवायचो आणि शाळा सुटली की बशीर उस्तादांच्या व्यायामशाळेत जायचो. उस्तादांचं बाजारात कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान. संध्याकाळी ते धाकट्या भावावर सोपवून आमच्या मानगुटीवर बसायला यायचे.

त्यांचा नियम एकच. एका वेळी एकच दुखणं सांगायचं. दोन ठिकाणी दुखतंय म्हणणारा माणूस कामचुकार, त्याने घरी जावं. त्यामुळे आम्ही आत शिरताना दारातच त्या दिवसाचं मोठं दुखणं निवडून ठेवायचो. आमचा दत्तू पारगावच्या साखर कारखान्यात फिटर होता. एकदा त्याचं बोट चेपलं आणि त्याच दिवशी पायही मुरगळला. बिचारा उंबऱ्यात बराच वेळ विचार करत उभा राहिला.

"बोट," तो शेवटी म्हणाला.

उस्तादांनी बोटाला पट्टी बांधली आणि रात्रीपर्यंत त्याच पायावर बैठका काढून घेतल्या.

*

जिल्ह्याच्या स्पर्धेला थोडे दिवस राहिले असताना माझं सुरू झालं. खांद्यावर वजन घेऊन बैठकीतून उठलो आणि उजव्या खुब्यात काहीतरी चमकलं. मग मांडीमागून पोटरीपर्यंत करंट उतरला, आणि आठवड्याभरात पायाची दोन बोटं बधिर झाली. मी दारात खुबा निवडला.

उस्तादांचं मालिशचं तेल संपलं तरी गुण येईना, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, कुठे दुखतं? म्हटलं, खुब्यात. आणखी कुठे? म्हटलं, नाही. इतक्या वर्षांची सवय, जीभ दुसरं दुखणं उच्चारायलाच तयार नव्हती.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, त्यात त्यांना कसलीशी सावली दिसली. खुब्याच्या गोळीला रक्त पोचत नाही म्हणाले. वजनं बंद, आणि पुण्याला जाऊन खुबा बदलून घ्यावा लागेल. माझं अजून लग्न व्हायचं होतं. घरी येताना मला सारखं तेच दिसत होतं: मैदानावर पोरं पळताहेत आणि पी.टी.चे सर काठी टेकत शिट्टी वाजवताहेत. मी फार घाबरलो होतो.

*

दर शनिवारी मी एसटीने आईकडे पेठला जायचो. बसलं की पाय पेटायचा, म्हणून सीट मोकळी असली तरी दांड्याला धरून उभा राहायचो. कंडक्टरने दोन-तीनदा बसायला सांगितलं, मग न राहवून विचारलं, "नवस हाय का काय, मास्तर?"

एवढ्या धडधाकट माणसाने दुखतंय कसं म्हणायचं? मी हो म्हणून टाकलं.

एका रविवारी परत येताना मंचरच्या पुढे माझे पाय लटपटायला लागले. आग तर आग, म्हणून मी एका सीटवर टेकणार, तेवढ्यात तोच कंडक्टर धावत आला आणि त्याने माझा दंड धरला.

"मास्तर, आता नारायणगाव आलंच. एवढं केल्यालं पाण्यात घालू नका."

मी जुन्नरपर्यंत उभा राहिलो.

*

ऑपरेशन टळलं तर बघावं म्हणून दत्तू मला पारगावकडच्या एका हाडवैद्याकडे घेऊन गेला. वैद्याने मला पालथं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या, बराच वेळ बघितलं आणि डावा पाय असा ओढला की कडकन आवाज झाला.

मी कळवळून सांगितलं की माझा उजवा दुखतोय.

"उजवा चांगलाय," वैद्य म्हणाला. "ह्यो आखूड व्हता."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय ठणकत होते. व्यायामशाळेच्या दारात उस्तादांनी विचारलं, आणि मला त्यातला एक निवडावा लागला.

*

शेवटी पुण्याला निघालो. उस्ताद दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. दत्तूनेही कारखान्यातून रजा काढली. स्पर्धेच्या आधी आम्ही सगळेच आपलं वजन जिवापाड जपायचो. वजनी गटाच्या मर्यादेत राहायला दत्तू तर दिवसदिवस पाणीही पीत नसे. दवाखान्यात एक तरुण डॉक्टर माझं वजन घ्यायला आला, तेव्हा दत्तूने त्याला बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेब, नवा खुबा लोखंडाचा असतोय ना? मग त्याचं वजन धरून ह्याला वरच्या गटात खेळावं लागंल का?"

तो डॉक्टर विचार करायला लागला. खुबा बदलायचा म्हणजे माझ्या शरीरात लोखंड बसवायचं, हे मला तोवर खरं वाटलंच नव्हतं.

*

आतल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझा पाय गुडघ्यात दुमडून सगळीकडे फिरवला. काहीच दुखलं नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. आणखी कुठे दुखतं, म्हणून त्यांनीही विचारलं आणि मी नाहीच म्हणालो.

मग त्यांनी टाच धरून पाय सरळच्या सरळ वर उचलला. मी असा ओरडलो की बाहेरच्या रांगेतली माणसं डोकावली. कुठे दुखलं ते बाई विचारत होत्या आणि मी उस्तादांकडे बघत होतो. ते दत्तूशेजारी दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"त्यांच्याकडे काय बघताय?" बाई म्हणाल्या.

उस्तादांनी मान खाली घातली. "बोल, बेटा. आज समदी सांग."

मग मी पोटरी सांगितली, करंट सांगितला, शिंकताना उठणारी कळ सांगितली, बधिर बोटं सांगितली. सांगता सांगता रडायलाच आलं. बाईंनी आणखी तपासण्या केल्या. खुबा ठणठणीत होता. कमरेतून पायात उतरणारी नस दबली होती, सायटिका. ऑपरेशनची गरज नव्हती.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं.

आम्ही तिघंही भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिलो.

*

कित्येक महिने वजनाला हात लावायचा नव्हता. सतरंजीवर पडून बाईंनी दिलेले व्यायाम करायचे. दुखणं ओसरत गेलं, भीती मात्र मुक्कामाला राहिली. वाकून चपलेचा पट्टा लावतानासुद्धा घाम फुटायचा. उस्तादांनी आधी झाडूची काठी उचलायला दिली, आणि एका संध्याकाळी नुसता लोखंडी बार.

मी बार डोक्यावर नेला आणि करंट येण्याची वाट बघत उभा राहिलो. सगळी व्यायामशाळा श्वास रोखून बघत होती.

"आला का?" दत्तूने विचारलं.

"नाही."

"मंग खाली ठेव की, राव. किती वेळ तिथं धरतो?"

*

शेवटच्या तपासणीला मी एकटा जाऊ शकलो असतो, पण उस्ताद आलेच. बाईंनी पाय सरळ वर उचलला. तो वर जात राहिला, जातच राहिला. कुठे दुखतंय का?

"कुठंच नाही," मी म्हणालो, आणि माझं मलाच खरं वाटेना.

"मग उचला वजनं. पण हळूहळू वाढवा."

मी टेबलावरून उतरून बूट घालायला लागलो. निघायची घाई नेहमी उस्तादांना असायची, पण आज ते जागचे हलले नाहीत. त्यांनी बाहेर बघून दार ओढून घेतलं. खिळ्याला टोपी अडकवली, चपला काढून शेजारीशेजारी नीट ठेवल्या आणि ते टेबलावर चढून बसले.

"बाई, टाइम हाय ना?"

बाईंनी मान डोलावली.

उस्तादांनी मानेवर बोट ठेवलं. "तर मंग हितनं सुरुवात करू."