तारीखकाकू आणि जवसाची चटणी

२ जून. सकाळपासून परत आलेली जवसाच्या चटणीची पाकिटं फाडून खड्ड्यात ओततेय. प्रत्येकावर तारीखकाकूंचा निळा शिक्का आहे: ‘२० ऑगस्टपर्यंत खावे’. चटणी आजच खवट आहे.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या बचत गटात काकूंच्या नाकावर सगळं चालायचं. त्या जवस तळहातावर चोळून हुंगायच्या आणि चटणी किती महिने टिकेल ते सांगायच्या. जुनं जवस असलं की दीड महिना, ताजं असलं की पाच. सात वर्षांत चुकल्या नाहीत.

त्या येण्याआधी आमच्या पापडावर केल्याची तारीख असे, मसाल्यावर पॅक केल्याची, चटणीवर संपण्याची. केल्याची तारीख उलटली म्हणून लोक चांगले पापड फेकायचे आणि वर्ष झालेला मसाला खायचे. काकूंनी गटाशी भांडून सगळ्या पाकिटांवर एकच ओळ आणली, तीही एकाच कोपऱ्यात. “वाचनाऱ्याले हिशेब कराले नाई लावाचा. कधीपर्यंत खाव, येवढंच सांगाचं,” म्हणायच्या. मग दुकानोदुकानी जाऊन बजावून आल्या, की दुसरं काही पाहू नका, ही ओळ पाहा. दुकानदार ते शिकले.

मे महिन्यात मुलींच्या एका वसतिगृहातून चटणी परत आली. मी पाकीट फोडून काकूंच्या नाकाशी धरलं. त्या बराच वेळ हुंगत राहिल्या.

“फेब्रुवारीत ताप आलता ना, तवापासून मले वासच येऊन नाई राह्यला, शोभा.”

“मग सांगितलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं तं तारीख कोनं टाकली असती?”

मार्चमध्ये त्यांनी नुसता जवसाचा रंग बघून शिक्के मारले होते.

दुसऱ्याच दिवसापासून त्या उन्हात वर्ध्यातली दुकानं पालथी घालू लागल्या. दुकानदार पाकिटं देईनात. तारीख आहे की अजून, काकू, तुम्हीच तर शिकवलं, असं हसून म्हणायचे. काकू गल्ल्यावरच पाकीट फाडून त्यांना वास घ्यायला लावत. आठ दिवसांत वर्ध्याचा माल परत आणला, शिक्का माझ्या ओट्यावर ठेवला आणि मुलीकडे चंद्रपूरला निघून गेल्या. फोन उचलत नाहीत.

पुलगावचं एक दुकान राहिलं होतं. आज मी तिथे तीनदा फोन केला. माल चांगला आहे असं म्हणून मालकाने फोन ठेवून दिला.

३ जून. सकाळी पहिल्या गाडीने पुलगावला गेले. दुकानदार मला चेहऱ्याने ओळखत नव्हता. गिऱ्हाईक होऊन सगळी चटणी मागितली. पाकिटं पिशवीत भरताना त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. “बिनधास्त खा ताई. या बायांची तारीख कधी चुकत नाई.”

किती विकली गेली, ते विचारलं. सहा. कोणी नेली ते त्याला आठवत नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकीला इथून चटणी नेली का, ते विचारू लागले.